फणी

मे महिना, मानेवाड्यातली गच्चीखालची खोली,
कूलरच्या टाकीत पाणी बुडाशी आलेलं,
आणि पडद्यावर नेमा,
एकोणचाळीस तासांपासून माझ्यासोबत चालणारी.

तिचं गाव मी जळू दिलं.
पुलाकडे जा किंवा गावाकडे, दोनच वाटा होत्या.
मी पूल निवडला. पुलापलीकडे तलवार होती.
नेमा राखेतून चालत आली, म्हणाली,
"उजाडायच्या आत निघू या."
बस्स. एवढंच.

मग चौथ्या दिवशी बाजारात
झोळी जड झाली म्हणून मी तिची लाकडी फणी विकली.
वापर: काही नाही. किंमत: चाळीस नाणी.
आणि नेमा गेली.
भांडली नाही. शेकोटीजवळ तिच्या जागेवर
सकाळी नुसतं दबलेलं गवत.

हर्षल म्हणाला, "काहीही लिहितात बे हे लोकं!
गाव जाळलं तं चूप, अन् फणीसाठी निघून गेली?
असं कोणी करते का?"
हर्षल मिहानला जातो, कोड तपासतो दिवसभर,
त्याला प्रत्येक रागाला कारण लागतं
आणि कारणाच्याच मापाचा राग.
मीही म्हटलं, "हो ना बावा, पटत नाही."
तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून उन्हात गेला.
मी टाकीत दोन बादल्या ओतल्या,
ताट्या भिजेपर्यंत तसाच उभा राहिलो.

ज्या कार्डामुळे नेमाचे केस इतके खरे हलतात
ते सुगतदादाच्या बी.एड.च्या पैशांचं आहे.
मी घेतले. विचारलं नाही.
कळलं तेव्हा दादा म्हणाला,
"असू दे. पुढच्या वर्षी पाहू."
वर मॉनिटर आणायला सीताबर्डीला सोबत आला.
ऑटोत मांडीवर घेऊन बसला,
खड्डा आला की दोन्ही हातांनी अलगद उचलायचा,
कुणाचं तान्हं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.

पुढचं वर्ष गेलं. त्याच्या पुढचंही.

मग घराला रंग द्यायचा होता तेव्हा
मी त्याचा कॅरमचा स्ट्रायकर
खालच्या पोराला देऊन टाकला.
पिवळट पडलेला, कडेचा टवका उडालेला.
बोर्ड तर केव्हाच मोडीत गेला होता.

"स्ट्रायकर कुठं आहे?" दादानं विचारलं.
मी सांगितलं.
त्यानं पुन्हा विचारलं,
पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नसल्यासारखं.
मी म्हटलं, "नवा आणून देतो ना,
तीस रुपयात तं येते."

आठ दिवसांनी तो बल्लारपूरला गेला.
आई लोकांना सांगते, नोकरीसाठी गेला.
फोन उचलतो. जेवला का, विचारतो.
मी जेवलो म्हणतो.
त्यानंतर दोघांनाही
कुठलं तरी काम आठवतं.

रात्री मी जुना सेव्ह उघडला.
तोच बाजार, तीच जड झोळी.
या खेपेला तलवार विकली, फणी ठेवली.
नेमा थांबली.
शेकोटीजवळ हसलीसुद्धा,
म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे."
केस हलले. डोळ्यांत जाळ चमकला.
कारागिरीत कुठेच खोट नव्हती,
आणि मला पहिल्यांदाच
तिचं एक अक्षरही खरं वाटलं नाही.

मी ती गेलेली सकाळ पुन्हा उघडली.
गवत तसंच, दबलेलं.

दीड वाजता हर्षलचा मेसेज:
"सापडलं बे! फणी विकायचीच नाही. मग थांबते ती."
मी लिहिलं, माहीत आहे.
"मग कायले अडून बसला?"

पाणी संपून कूलरची मोटर
कोरडी खडखडायला लागली होती.
मी टाईप केलं, खोडलं,
परत टाईप केलं,
बादली घेऊन खाली गेलो.